कायमचा परत आल्यावर

आखातात नोकरीला होतो तेव्हा सुट्टीत पनवेलला आलो की मोहल्ल्यात लोक थांबून सलाम करायचे. लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवायचे, जेवताना कोणीतरी आग्रह करायला शेजारी उभं असायचं. मला ते आवडायचं.

मग कंपनीने माणसं कमी केली आणि मी कायमचा परत आलो. सुरुवातीला लोक विचारत, "परत कधी?" मी म्हणायचो, "बघू, इन्शाअल्ला." पुढे विचारणंही थांबलं. सलाम होत होता, पण त्यानंतर कोणी थांबत नसे. सगळे आपापल्या कामात होते, एवढंच. मला मात्र त्यात अपमान दिसायला लागला. नमाज झाली की मी कोणाशी न बोलता घर गाठायचो.

"कोणी काही बोललं का तुम्हाला?" बायकोने एकदा विचारलं.

"नाही."

"मग?"

मी टोपी उचलली आणि नमाजला निघालो.

त्याच सुमारास गल्लीतल्या एका मुलीचं लग्न होतं. बायकोने बळेच नेलं. पुढच्या खुर्च्यांवर सौदीहून सुट्टीवर आलेले दोन तरुण बसले होते. मी मागे कोपऱ्यात बसलो आणि निघायचं निमित्त शोधू लागलो. तेवढ्यात नवरीची आजी, माझ्या आईची जुनी मैत्रीण, समोर येऊन उभी राहिली.

"पाहुण्यासारखा काय बसलास? वाढायला माणसं कमी पडतायत. ऊठ."

"खाला, मला जमायचं नाही."

"मोहल्ल्यातला ना तू? मग जमेल."

हातात रायत्याची बादली आली. पहिल्याच पंगतीत मी एका म्हाताऱ्याच्या बाहीवर रायतं सांडलं. तो हसला आणि माझ्या अब्बांचं नाव घेऊन म्हणाला, "त्याचाही हात असाच होता." एवढ्या वर्षांत त्यांची आठवण माझ्याजवळ कोणी काढली नव्हती.

शेवटी आम्ही वाढणारे एका मोठ्या थाळ्याभोवती बसलो. बिर्याणी गार झाली होती. आग्रह कोणी केला नाही. एकजण म्हणाला, "जुम्याला उरणला लग्न आहे, लवकर निघू." मलाही त्यात धरलं होतं. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवलो.

नोकरी लगेच मिळाली नाही. आता मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. आखातातलं काम आठवलं की अजून वाईट वाटतं. पण लग्न ठरलं की लोक जेवणाचं विचारायला घरी येतात, आणि गोश्त किती लागेल यावरून माझं आणि आचाऱ्याचं हमखास वाजतं.