गोजराआजींचा अँटेना

गोजराआजींचा अँटेना मी पाडला. मुद्दाम नाही. मुद्दाम ठरवून एवढं मोठं काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

भाद्रपदात मध्येच उघाड मिळाली म्हणून वैदेहीने, म्हणजे माझ्या पत्नीने, गोधडी धुवायला काढली. ही गोधडी तिच्या आईच्या नऊवारी लुगड्यांची आहे. कोरडी असते तेव्हा मायाळू असते, भिजली की तिचा रेडा होतो. तो रेडा खांद्यावर घालून मी गच्चीवर गेलो, तर दोऱ्या सगळ्या भरलेल्या. कठड्याला लागून एक लोखंडी नळी उभी होती आणि तिच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा सांगाडा. मी गोधडीचं एक टोक पाण्याच्या टाकीला बांधलं, दुसरं नळीला. गाठ उत्तम बसली. ती गाठ अजूनही सुटलेली नाही. नळीच बुडातून मोडली आणि अँटेना, गोधडी आणि तिला धरून मी, असे तिघे गच्चीवर आडवे झालो.

ही इमारत गोजराआजींची. बोनकोडे गावठाणातली चार मजल्यांची. पहिल्यावर त्या, त्यांचा मुलगा हरेश, सून आणि नात भाविका राहतात, बाकी आम्ही भाडेकरू. आजी भाडेकरूंना नावाने ओळखत नाहीत, मजल्याने ओळखतात. मी चौथा माला. दुसरा माला आमच्यात जरा लाडका आहे.

गुडघ्यांमुळे आजी देवळातसुद्धा रिक्षाने जातात. पण आवाज ऐकून त्या चार जिने चढून वर आल्या. आधी अँटेन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चौथा माला, पाडलास?"

"पडला," मी म्हणालो.

"परवा पित्तर हाय त्याचा."

"अँटेन्याचं?"

"हरेसच्या बापसाचा, मेल्या!"

आणि तिथेच टाकीच्या ओट्यावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आजी अगदी सावकाश, पदराने गुडघे चोळत सांगत होत्या.

हरेशचे वडील, धर्मराजबाबा, यांनी बोनकोड्यात या गल्लीतला पहिला टीव्ही आणला. जमीन गेली आणि टीव्ही आला, एकाच वर्षी. लाकडी पेटीतला, पुढे सरकती दारं असलेला. देवळासारखी ती दारं संध्याकाळी उघडायची आणि रात्री मिटायची. पडवीत म्हातारे, ओटीवर बाया, अंगणात पोरं, आणि कुंपणापलीकडे ज्यांचं आजींशी भांडण होतं ते. भांडणवालेही यायचे, फक्त कुंपणाच्या आत यायचे नाहीत.

"काय लागायचं तेव्हा?" मी विचारलं.

"काय लागल त्या बगाचो. टीवी लागला ना, झाला!"

शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा. भातावर कुठला कीटक पडतो आणि त्याला काय फवारायचं, हे ज्यांची खाचरं सरकारने मोजून नेली होती ती माणसं मान डोलावून ऐकायची. मूकबधिरांच्या बातम्या लागायच्या. त्याही अख्खं गाव बघायचं आणि दुसऱ्या दिवशी पोरं हातवारे करून एकमेकांना शिव्या द्यायची. आणि रविवारी संध्याकाळी सिनेमा. त्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नसायची.

प्रक्षेपण यायचं खाडीपलीकडून, मुंबईहून. अँटेन्याचं तोंड तिकडे, आणि वारा तिकडूनच. वारा सुटला की अँटेना फिरायचा, पडद्यावर मुंग्या यायच्या, की धर्मराजबाबा शिडी लावून कौलांवर. खालून अख्खं अंगण ओरडायचं, "आला! आला! गेला! जरासा मागं घ्या!" त्यात कावळा. तो नेमका सिनेमा लागला की येऊन अँटेन्यावर बसायचा आणि नायिकेच्या तोंडाचे दोन तुकडे व्हायचे. बाबांचा कावळ्यांशी उभा दावा. खिशात खडे घेऊनच वर चढायचे.

"अर्धा पिक्चर कावले हाकलन्यात जायचा, आनि अर्धा नली धरन्यात," आजी म्हणाल्या. "त्यानी कवा पुरा पिक्चर बगलाच नाय. गानी तेवरी वरशी आयकाचा. मंग जेवताना मी सांगाची, कोन मेला, कोनाचा लगीन झाला."

पुढे केबल आली, डिश आली. घर पाडून इमारत उभी राहिली, तेव्हा बाबांनी अँटेना स्वतःच्या हाताने नव्या गच्चीवर नेऊन उभा केला. हरेश म्हणाला, बाबा, कशाला? बाबा म्हणाले, "ऱ्हाव दे. लागला तं."

लागला नाही. बाबाच गेले. आणि त्यांच्या पहिल्या पित्तराला गच्चीवर पान मांडलं, तर एक कावळा आला, त्या अँटेन्यावर बसला, इकडेतिकडे बघितलं आणि खाली उतरून थेट वड्याला शिवला.

बोनकोड्यात आता घराला घर इतकं चिकटलंय की शेजारची फोडणी आपल्या वरणात पडते. झाडं नाहीत, खिडक्यांना जाळ्या, आणि उरलेल्या जागा कबुतरांनी धरलेल्या. कावळ्याला बसायला उंच आणि मोकळं असं एवढं एकच राहिलं होतं. त्यामुळे पित्तराच्या दिवसांत गल्लीतली माणसं आपापली पानं घेऊन आजींच्या गच्चीवर यायला लागली. कुंपणापलीकडच्यांची सूनसुद्धा.

"सगले परत यवाला लागले," आजी म्हणाल्या. मग त्यांनी मोडलेल्या नळीकडे बघितलं आणि उठायला माझा हात मागितला.

त्याच दिवशी मी नवा अँटेना शोधायला निघालो. स्टेशनकडे सुधीरचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे, भिंतीएवढे टीव्ही मांडलेले. प्रत्येकावर तोच एक समुद्र, तीच एक बाई पळते आहे.

"अँटेना?" सुधीर म्हणाला. "साहेब, ते आता कुठे? वायफायवर सगळं येतं. टीव्ही कुठला आहे तुमचा?"

"टीव्हीला नकोय."

"मग?"

"कावळ्याला."

त्याने मला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिलं. माणूस चांगला आहे.

जुनाच जोडून घ्यावा म्हणून नळी रिक्षात आडवी घालून कळंबोलीला नेली. तिथे लोखंडाचा समुद्र आहे, पण वेल्डिंगवाला नळीचं बूड बघून म्हणाला, "सडलाय पाईप. नवीन बेस बनवावा लागेल. परवा या." मी म्हटलं, परवाच तर पाहिजे. तो म्हणाला, "तेच बोलतोय ना मी, परवा या." नळी घेऊन परत आलो आणि नायलॉनच्या दोरीने ती टाकीच्या पाइपाला आवळून बांधली. लांबून अँटेना उभा दिसत होता. जवळून तो विचारात पडल्यासारखा वाटायचा.

पित्तराच्या सकाळी मी ऑफिसला कळवलं की घरी अडचण आहे. कोणाच्या घरी, ते कळवलं नाही.

आजींनी पान मांडलं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, अळू. गल्लीतली आणखी पाच-सात पानं शेजारी लागली. सगळे हात जोडून मागे सरले. लांब मोबाइलच्या टॉवरवर दोन कावळे बसले होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही त्यांच्याकडे बघितलं. इतक्यात खाडीकडून वारा सुटला आणि अँटेना पुढे झुकला. तो पानांवर पडणार म्हणून मी धावत जाऊन नळी धरली.

कावळे टॉवरवरच राहिले.

"मानूस धरून उभा असल्यावर कावला कसा येल?" कोणीतरी म्हणालं. खरं होतं. मी हळूच हात काढला. अँटेना पुन्हा निघाला. पुन्हा धरला.

भाविका म्हणाली, "थांबा, मी करते," आणि खाली पळाली. त्यांच्या हॉलमधला टीव्ही एवढा मोठा आहे की त्याच्यासाठी देवघर सरकवावं लागलं. तो लावता फक्त भाविकाला येतो, आणि तिलाही आधी काय बघायचं ते ठरवण्यात जेवण उरकतं. तिने खिडक्या उघडल्या आणि त्याच्यावर कावळ्यांच्या आवाजाचा व्हिडिओ पूर्ण आवाजात लावला. काव काव काव! गल्ली दणाणली. आणि कावकाव रंगात आली असताना मध्येच एक गोड बाई गृहकर्जाबद्दल बोलायला लागली.

"या काय?" आजींनी विचारलं.

"जाहिरात आहे, आजी."

"कावल्यालापन?"

जाहिरात संपून पुन्हा कावकाव सुरू झाली, तेव्हा टॉवरवरचे दोघे उडाले आणि ऐरोलीच्या दिशेने दिसेनासे झाले. व्हिडिओतले कावळे परदेशातले असावेत. आमच्याकडच्यांना उच्चार पटले नाहीत.

त्यानंतर माणसं एकेक करून उठायला लागली. कुणाची शाळेची बस यायची होती, कुणाचा फोन चार्जिंगला होता. कुंपणापलीकडची सून म्हणाली, "आमचे आम्ही खाडीवर ठेवतो, आजी," आणि पान उचलून गेली. मग बाकीचीही पानं उचलली गेली.

हरेश न्हावा शेव्याला कस्टमची कामं करतो. त्याचा फोन मघापासून वाजत होता.

"आये, माजा कंटेनर अडकलाय. दर्भाचा कावला करून शिवूया का पानाला? भटजी बोलले, चालते."

"तू जा."

"तसा नाय, आये. टेन्शन नको घेव. आला नाय म्हंजे बाबा नाराज हायेत असा नसते."

"जा म्हनते ना, पोरा. भूक लागली आसल तुला."

तो थोडा घोटाळला, पानाला नमस्कार केला आणि गेला. भाविका वर आली, म्हणाली, "आजी, कावळा आला की मला कॉल कर, व्हिडिओ काढायचाय," आणि तीही गेली. खाली कावकाव आपोआप संपली होती आणि त्याच्यामागोमाग आपोआप काहीतरी दुसरंच लागलं होतं, कुठल्याशा देशात कोणीतरी केक कापत होतं. ते बघायला हॉलमध्ये कोणीही नव्हतं.

गच्चीवर आम्ही दोघं उरलो. ऊन चढलं. खिरीवर साय आली, वड्याला एक मुंगी लागली. आकाशात विमानाशिवाय काही नाही. माझे खांदे भरून आले होते आणि खिशात ऑफिस थरथरत होतं. नळी मी दोन्ही हातांनी धरली होती, कारण वारा पडायचं नाव घेत नव्हता.

आजींनी प्लास्टिकचं स्टूल ओढून घेतलं होतं. बघतो तर त्या पानाकडे पाठ करून बसलेल्या. कावळा येईल त्या दिशेलाही त्यांचं लक्ष नव्हतं. हनुवटी वर करून, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून, त्या माझ्याकडे, नळीकडे, आणि वर काड्यांच्या सांगाड्याकडे बघत होत्या. पदर त्यांनी नीट डोक्यावर घेतला होता.

मी म्हणालो, "आजी, धरून उभा राहिलो तर कावळा येणार नाही. सोडला तर हा खाली येतो. मी करू काय, तुम्हीच सांगा."

"गप धरून ऱ्हा, हललास का चित्र जाते."