लॅमिनेट केलेले नऊ कागद

भिकन बोरसेचा डावा कान गेलेला आहे आणि उजवा अर्धा उरला आहे. सुरतेत लिंबायतच्या लूमखात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मानाने हे बरंच म्हणायचं. कारखान्याच्या खडखडाटात समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायची सवय लागते, आणि ती सवय बाहेरही उपयोगी पडते. ऑनलाइन प्रशिक्षणात मात्र तिचा उपयोग झाला नाही. शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा मोबाइलच्या कोपऱ्यात नखाएवढा दिसायचा.

प्रशिक्षण होतं मालमत्ता एजंटच्या परवान्याचं. गेल्या वर्षी लूमखातं बंद पडलं. नंदुरबारजवळ प्लॉट पाडणाऱ्या एका कंपनीला सुरतेतल्या खानदेशी लोकांत फिरणारा माणूस हवा होता आणि डिंडोलीत भिकनइतकी ओळख कुणाची नव्हती. फक्त जमीन महाराष्ट्रातली, म्हणून परवानाही तिकडचा. आधी प्रशिक्षण, मग परीक्षा. पहिल्या खेपेला भिकन नापास झाला. कंपनीचा मॅनेजर म्हणाला, "काका, आणखी एकदाच थांबतो."

दुसऱ्या खेपेला त्याची मुलगी वर्षा शेजारी बसायला लागली. ती बी.कॉम.ला, शिक्षण सगळं गुजरातीतून. बाईंचं बोलणं ऐकायची आणि बापाकडे तोंड करून, ओठ नीट हलवत, सावकाश सांगायची. कार्पेट एरिया म्हणजे काय, बिनशेती म्हणजे काय, खरेदीखत नोंदवायचं कुठे. भिकन वहीत उतरवून घ्यायचा. बेचाळिसाव्या वर्षी कर्ज काढून मशीन घेणाऱ्यांना तो हसायचा. सत्तेचाळिसाव्या वर्षी तो स्वतः पाठांतर करत होता.

सराव परीक्षेत एक प्रश्न त्याचा दर वेळी चुकायचा. मालकी कोणत्या कागदाने मिळते? चार पर्याय असायचे. भिकन दर वेळी मुखत्यारपत्रावर बोट ठेवायचा.

"पप्पा, खोटुं पड्युं," वर्षा म्हणाली. "नोंदणी केलेलं खरेदीखत. तिसऱ्यांदा सांगतेय."

"पुस्तकात असेल. आपलं घर कशावर उभं आहे मग? पावरच्या कागदावरच ना?"

"तेच तर म्हणतेय मी," वर्षा म्हणाली आणि तिने पुढच्या प्रश्नावर बोट ठेवलं.

पुढचा प्रश्न त्याच पानावर होता. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मरण पावल्यास काय होते? उत्तर एका ओळीचं होतं: मुखत्यारपत्र संपुष्टात येते.

भिकनने ती ओळ दोनदा वाचली. मग पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली.

अकरा वर्षांपूर्वी गावच्या नऊ कुटुंबांनी डिंडोलीच्या कडेला एका शेतकऱ्याच्या वावरात प्लॉट घेतले. व्यवहार भिकनने जुळवला. आपल्या माणसांकडून दलाली घेतली नाही. नोंदणीच्या भानगडीत कुणी पडलं नाही, कारण काका, म्हणजे तो शेतकरी, शब्दाचा पक्का होता. त्याने नऊ जणांना नोटरीचा लाल शिक्का मारलेला पावरचा कागद दिला, म्हणजे प्लॉटचा कारभार त्यांच्या हाती सोपवणारं मुखत्यारपत्र. नऊही कागद भिकनकडेच ठेवायला दिले गेले. ओल लागू नये म्हणून त्याने पदरमोड करून ते लॅमिनेट केले. आता त्यांवर ना नवा शिक्का मारता येत होता, ना सही.

काका चार वर्षांपूर्वी वारला. त्याच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, नऊही घरांतली माणसं पांढरे कपडे घालून गेली होती, भिकन सगळ्यांत पुढे. हात जोडून अर्धा तास बसली आणि उठली. आपण काय गमावलं, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्षाने मोबाइलवर त्या जमिनीचा सातबारा काढला. जमीन अजून शेतीचीच होती. काकाच्या नावावर आडवी रेघ आणि खाली तीन मुलांची नावं. नऊपैकी एकही नाव कुठे नव्हतं.

भिकन काकाच्या थोरल्या मुलाकडे गेला. त्याने चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली. मग नीट भिकनकडे तोंड करून, हिंदीत, सावकाश म्हणाला, "बापूजी ने जो दिया, वो बापूजी जाने. हम तीनों की साइन कहाँ है?"

"तुम्ही आता करा ना सही. आम्ही राहतोय तिथे."

"रहो ना. अभी किसने निकाला?"

त्या 'अभी'वर भिकन तीन रात्री झोपला नाही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्याची धाकटी बहीण उषाबाई दुसरा मजला चढवायला निघाली होती. नऊपैकी तिसरा कागद तिचा. नवरा गेल्यावर बारा वर्षं साड्यांना खडे चिकटवून तिने जमवलेलं सगळं त्या स्लॅबमध्ये जाणार होतं. मुहूर्त आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. उषाबाईचं माहेर म्हणजे चार घरं सोडून भिकनचं घर.

"आत्याला सांगा," वर्षा म्हणाली.

"परीक्षा होऊ दे."

नाशिकच्या केंद्रावर तो प्रश्न आला. शब्द थोडे फिरवलेले होते. भिकनने खरेदीखतावर खूण केली. पुढच्या तीन प्रश्नांपर्यंत त्याला स्क्रीनवर काही दिसलं नाही.

परतल्यावर तो दोनदा उषाबाईच्या दारापर्यंत गेला. एकदा ती विटा मोजून घेत होती, एकदा मुकादमाशी भांडत होती. दोन्ही वेळा तो चहा पिऊन आला.

निकाल आखाजीच्या आदल्या संध्याकाळी आला. पास. सकाळी उषाबाई मांडे घेऊन आली.

"पास व्हयना ना? मंग तोंड कसाले पाडेल शे?"

भिकनने पेटीतून तिचा कागद काढून तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. काका, मुखत्यारपत्र, तीन मुलं, सातबारा. मध्ये थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढे बोलता आलं नसतं. ती कागदाच्या प्लास्टिकवरून अंगठा फिरवत राहिली.

"कधीनं माहीत शे तुले?"

"पंधरा दिन."

"पंधरा दिन! आनि आते सांगस? तठे माल कालवाई गया." ती उठली. पुन्हा बसली. "तू शिकनाच नसता ते बरं व्हतं."

"थांबव, उषा. पैसा तरी वाचेल."

"पैसा वाचाडीसन राहू कोठे?" तिने डोळे पुसले नाहीत, ओले झालेच नव्हते. "नुसतं खालनं घर पाडाले एक दिन पुरस. वर स्लॅब पडना, वर भाडेकरू ऊना, मंग कोनले काढतीन ते?" तिने कागद भिकनकडे सरकवला. "ठेव पेटीमा. आनि आज कोनले सांगू नको. चल, नारळ तुलेच फोडना शे."

तो गेला. मिक्सर फिरत होता, बायका घमेली घेऊन रांगेत उभ्या होत्या. उरलेल्या सात घरांतली माणसं सावलीला जमली होती. पास झाल्याची बातमी पोचलीच होती.

"सरका रे, सरकारी माणूस ऊना!" पंडित ओरडला. पाचवा कागद त्याचा.

भिकनने नारळ फोडला. पहिलं घमेलं वर गेलं. उषाबाई कठड्याशी उभी राहून एकेक घमेलं मोजत होती. भावाकडे तिने पाहिलं नाही.

पंडित जवळ आला, मिक्सरच्या आवाजात भिकनकडे तोंड करून म्हणाला, "आमचापण स्लॅब दिवाळीनंतर टाकतोय, भाऊ. नारळ तूच फोडायचा. आता तर परवाना आहे तुझ्याकडे."

भिकनने त्याच्या ओठांवरचा एकेक शब्द वाचला. मग उजव्या कानाकडे बोट दाखवून, ऐकू आलं नाही अशी मान हलवली.