तैमाची विहीर आणि न आलेला फोन

रूबेनकाकांचा फोन आला तेव्हा माझा नवरा इम्तियाज ओट्याखाली आडवा होऊन नळ दुरुस्त करत होता.

"सलमा, मला खैबर बघायचंय," काका म्हणाले. "आता व्हिसा मिळतो ना?"

मिळतो. काकांनी मुंबईतल्या केंद्रातून पर्यटक व्हिसा काढला आणि फेब्रुवारीत रियाधला उतरले. एका पिशवीत कपडे. दुसरीत जाडे पोहे, गूळ आणि नारळ.

काका रेवदंड्याचे, माझ्या माहेरचे शेजारी. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बैल सुटलेला असायचा, म्हणून गाव त्या घराला शनिवार तेली म्हणायचं. काकांनी शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर आपल्या धर्मातली गूढ पुस्तकं वाचायला घेतली. कोणे एके काळी खैबरात आणि तैमात यहुदी राहायचे, खजूर पिकवायचे. काकांना ती जागा बघायची होती, बस.

आम्हीही निघालो त्याला दुसरं कारण होतं. इम्तियाज रियाधच्या एका हॉस्पिटलात डायलिसिसच्या पाण्याचा प्लांट सांभाळायचा. मूत्रपिंड थकलेल्या माणसाचं रक्त यंत्रात धुतात. त्याला अतिशय शुद्ध पाणी लागतं. ते पाणी थांबलं की सगळं थांबतं. सौदीकरणात ती जागा आता सौदी माणसाची होणार होती. फहद नावाचा मुलगा त्याच्या हाताखाली तयार होत होता. सुपरवायझरने सांगून ठेवलं होतं: महिनाअखेर फहद एकटा उभा राहिला नाही, तर इम्तियाजला आणखी एक वर्ष.

माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, इम्तियाजच्या इकाम्यावर. मी इंडियन स्कूलमध्ये हिंदी शिकवायचे. शाळेतली माझी मुलं, माझा वर्ग, आमचं घर. मला ते वर्ष हवं होतं.

"चार दिवस प्लांट त्याच्यावर सोडून बघू," इम्तियाज म्हणाला. म्हणजे ही सहल नव्हती. ती फहदची परीक्षा होती. आणि आमचीही.

रियाध ते हाईल

गुरुवारी उजाडता निघालो. रस्ता उत्तम, सरळ, कंटाळवाणा. बुरैदापर्यंत पेट्रोल पंप मुबलक, पंपावर मशीद, स्वच्छतागृह आणि करक चहा. त्यापुढे टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी. कॅमेरे खूप आहेत. दंडाचा मेसेज तुमच्या आधी घरी पोचतो.

काका पुढे बसले. मागे मी, शेजारी नारळ.

"तिकडे सगळं फुटलं म्हणतात," काका वाळवंटाकडे बघत म्हणाले.

"खैबरात?" इम्तियाजने विचारलं.

"नाही हो जावईबापू. सुरुवातीला. जग होण्याच्या सुरुवातीला."

आणि मग काकांनी जे सांगितलं ते असं. सगळ्याआधी देवच सगळीकडे होता. दुसऱ्या कशाला जागा नव्हती. तेव्हा त्याने स्वतःला आखडून घेतलं. जागा केली. त्या जागेत आधी एक जग झालं. त्याचं नाव तोहू, म्हणजे गोंधळ. त्यात प्रकाश अफाट आणि भांडी लहान. आणि प्रत्येक भांड्याचं म्हणणं एकच: मी. शेजारच्याला काही द्यायचं नाही, त्याचं काही घ्यायचं नाही. भांडी फुटली. तुकडे खाली पडले. प्रत्येक तुकड्याला थोडा प्रकाश चिकटून राहिला.

"मग?"

"मग तिकून. दुरुस्ती. दुसरं जग. त्यात भांडी मोठी आणि प्रकाश बेताचा. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी आपल्यात थोडी जागा ठेवली. म्हणून ती टिकली. ते तुकडे उचलून उजेड परत मिळवायचा, हे माणसाचं काम."

"जागा ठेवायची म्हणजे काय करायचं?" मी मागून विचारलं.

"बित्तुल. स्वतःला शून्य करायचं."

"ते काम सरकारने माझ्यावर सोडलंच नाही, काका," इम्तियाज म्हणाला. "तेच करतंय."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हसले नाही.

"आमच्याकडे याला फना म्हणतात," इम्तियाज पुढे म्हणाला. "पण ते वली-संतांना जमतं. मला दर महिन्याला घरभाडं असतं."

"शून्य म्हणजे नाहीसं होणं नव्हे रे. ही पुढची काच बघ. ती दिसत नाही, म्हणून रस्ता दिसतो."

हाईलला तिन्हीसांजेला पोचलो. डोंगर गुलाबी, थंडी कोरडी. फेब्रुवारीत स्वेटर हवाच. एका ताटात तिघांची कब्सा, म्हणजे भात आणि वर मांस, घेतली आणि थोडी उरली. ताट मध्ये ठेवून जेवायचं. सगळ्यांनी आपापल्या समोरचंच खायचं, मधला मांसाचा तुकडा समोरच्याकडे सरकवायचा. काकांनी मांस सरकवलं आणि भातावर ताव मारला. घरातून निघतानाच त्यांनी सांगितलं होतं, बाहेरचं मटण नको.

तैमा

शुक्रवारी दुपारपर्यंत तैमाला पोचायचंच होतं. काका शनिवारी गाडीत बसत नाहीत. शुक्रवारचा सूर्य मावळला की शनिवार लागला.

"एक अख्खा दिवस तैमात करायचं काय?" मी आधीच कुरकुरले होते.

"काही नाही," काका म्हणाले होते. "त्यासाठीच तो असतो."

वाटेत मोबाइलला रेंज नाही अशी लांब पट्टी आहे. नकाशा उतरवून ठेवा. उंटांची पाटी दिसली की वेग कमी करा. पाटी खरी असते.

तैमा लहान गाव. सुसज्ज हॉटेल शोधू नका. स्वयंपाकघर असलेल्या साध्या खोल्या मिळतात, त्या बऱ्या. संध्याकाळी काकांनी खोलीत तेलाचा दिवा लावला, पडदा ओढून, पुटपुटत. आम्ही नमाज पढलो. मग सगळ्यांनी मिळून डाळभात खाल्ला.

शनिवारी सकाळी अफगाण भट्टीवरचा गरम तमीस रोटी आणि फूल, म्हणजे वाटाण्याएवढ्या घेवड्याची आमटी समजा. मग चालत विहिरीवर गेलो. गावाच्या मधोमध, खजुरांत. मी विहिरी पाहिल्या आहेत. ही विहीर नव्हे, दगडाने बांधलेला तलाव. काठावर चहूबाजूंनी लाकडी कप्प्या. एके काळी प्रत्येक कप्पीला उंट जुंपलेला असायचा. उंट लांब चालत जायचा, मोट वर यायची, पन्हळातून पाणी बागेत. मग उंट माघारी यायचा आणि मोट खाली जायची.

"माघारी आल्याशिवाय मोट भरत नाही," काका म्हणाले.

"घाण्याचा बैल मात्र गोलच फिरतो," इम्तियाज म्हणाला.

"म्हणून तर शनिवारी सोडायचो."

दुपार होत आली होती. तेवढ्यात इम्तियाजचा फोन वाजला. सुपरवायझर. इम्तियाजने स्पीकरवर टाकला, विहिरीच्या कठड्यावर ठेवला.

प्लांट सुरू होत होता आणि बंद पडत होता. सुरू, बंद. सकाळचे पेशंट कसेबसे झाले होते. दुपारचे बाहेर येऊन बसले होते.

"फहदचं काही खरं नाही," सुपरवायझर म्हणाला. "दुपारच्यांना मी दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवतो. तू तबूकहून विमान पकड. रात्रीपर्यंत ये. तू ये, तुझं वर्ष मी आजच पक्कं करतो."

मी इम्तियाजकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याची बाही धरली.

"हो म्हण," मी मराठीत म्हटलं. "तू तिथे नाहीस. तुझी चूक नाही. हो म्हण."

काका पाण्याकडे बघत राहिले.

"आज सकाळी लाइट गेली होती का?" इम्तियाजने फोनला विचारलं.

"जनरेटर तपासला. मिनिटभर गेली असेल."

त्याचा चेहरा बदलला. मला तो चेहरा माहीत आहे. त्याला कळलं होतं. नंतर त्याने मला समजावलं ते सांगते, सोपं आहे. प्लांटच्या आधी क्षार काढून पाणी मऊ करणाऱ्या दोन टाक्या असतात. एक पाणी देते तेव्हा दुसरी स्वतःला धुते. मग अदलाबदल. लाइट गेली की दोघींची घड्याळं बिघडतात, आणि दोघी एकाच वेळी धुवायला निघतात. देणारी कोणीच उरत नाही. पुढचा पंप कोरडा पडतो आणि बंद होतो. लाइट गेली की इम्तियाज जाता जाता घड्याळं लावून यायचा. इतक्या वर्षांत हाताला सवय झाली होती. सवयीचं शिकवायचं राहून गेलं होतं.

एका वाक्यात तो उत्तर देऊ शकत होता. सुपरवायझर ऐकत होता. इम्तियाजशिवाय चालत नाही, हे त्या एका वाक्याने सिद्ध झालं असतं. विमानसुद्धा लागलं नसतं.

"फहदला फोन द्या," तो म्हणाला. "आणि तुम्ही तिथेच थांबा."

"या मुहंदिस," फहदचा आवाज आला. म्हणजे, अहो इंजिनियर. आवाज रडवेला. "खलास. मी सगळं बदलून पाहिलं. पंप पूर्ण ताकदीवर ठेवलाय, तरी पडतो."

"ताकद सोड. पंप बंद कर. काही करू नकोस."

"काही करू नको?"

"उभा राहा. ऐक. काल ऐकू येत नव्हतं असं आज काय ऐकू येतंय?"

मागे कोणाचं तरी अरबीतलं बोलणं. कठड्यावरचा फोन, खाली हिरवं पाणी. माझा हात अजून त्याच्या बाहीवर होता.

"पाणी," फहद म्हणाला. "गटारात पाणी पडतंय."

"कुठून?"

"टाकीतून. धुतेय."

"बरं. मग?"

"मग काय? टाकी धुतेच की." थांबला. पावलं ऐकू आली. मग ओरडला. इतका की कबुतरं उडाली, तैमातली. "दोन्ही! या मुहंदिस, दोन्ही धुतायत! एकदम! मग देणार कोण?"

इम्तियाजने डोळे मिटले. त्याच्या ओठावर उत्तर होतं आणि तो ओठ मिटून उभा होता.

"एकीला थांबवतो," फहद म्हणाला, आता स्वतःशीच. "हिला सेवेत घेतो. वेळ... वेळ चुकलीय हिची. लाइट! सकाळी लाइट गेली ना! लावतो. दोघींची वेगवेगळी लावतो. आता पंप. यल्ला, चल!"

घरघर सुरू झाली. आम्ही तिघं एका फोनवर वाकलो होतो. घरघर थांबली नाही. थांबली नाही. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, बहुतेक नर्स. सुपरवायझर फहदला म्हणत होता, "मुमताज! मुमताज!" म्हणजे, उत्तम.

मग तो फोनवर आला. "तू सांगितलंस का त्याला?"

"त्याने शोधलं," इम्तियाज म्हणाला. "तुमच्यासमोर. मी तर इथे विहीर बघायला आलोय."

त्याने फोन खिशात ठेवला आणि दोन्ही हात वर करून विहिरीभोवती एक फेरी मारली. पन्नाशीचा माणूस. कप्प्यांच्या खालून वाकत, ओरडत. मी कधी त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं, निकाहाच्या दिवशीही नाही. काकांनी टाळ्या वाजवल्या. शनिवारी त्यांना फोनला हात लावता येत नव्हता, टाळ्या चालतात की नाही ते त्यांनी पाहिलं नाही.

"आपलं वर्ष गेलं," मी म्हणाले.

"गेलं," तो धापा टाकत म्हणाला. "सलमा, त्याने ऐकलं! पाणी ऐकलं त्याने!"

रागवायचं मी ठरवलं होतं. जमलं नाही.

शनिवारसाठी थांबलो नसतो तर त्या वेळी आम्ही खैबरच्या वाटेवर, रेंज नसलेल्या कुठल्यातरी पट्टीत असतो. हे मी काकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मी तर काहीच केलं नाही." आणि फार समाधानाने म्हणाले.

अंधार पडू लागला. काकांनी गच्चीतून तीन तारे बघितले आणि शनिवार संपवला. मग पिशवी उघडली. पोहे भिजवले. मी नारळ खवला. गूळ, वेलची, केळी, सफरचंद, डाळिंब आणि तैमाचे खजूर. बेने इस्राएलांचा मलिदा. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने, नवस फिटला की करतात.

"आमच्याकडे मलिदा चपातीचा," इम्तियाज म्हणाला.

"तुम्ही चपाती कुस्करा. आज पोहे खा." काकांनी माझ्या हातावर पहिला घास ठेवला. "माझा काही नवस नव्हता. तुमचा होता?"

होता. माझा होता. नेमका उलटा. तरी मी दोनदा मागून खाल्ला.

खैबर

रविवारी खैबर. काळ्या लाव्ह्याचं मैदान, आणि अचानक खाली खजुरांची हिरवी दरी. जुनं गाव मातीचं, पाया काळ्या दगडाचा. घरं कोसळलेली. मुसलमान आणि यहुदी इथे लढले होते, म्हणून खैबरचं नाव आजही लोक भांडणासाठी घेतात. तिथे उभं राहिलं की भांडण आठवत नाही. पाणी वाहतं, पाखरं ओरडतात. बूट चांगले घाला, पाणी बरोबर ठेवा, सकाळी लवकर जा.

वाटेवर खापऱ्या पडल्या होत्या. काका वाकले, एक उचलली, फिरवून पाहिली. कोणाच्या मडक्याची, कोण जाणे. मग जिथून उचलली तिथेच ठेवली, खोलगट बाजू वर करून.

"न्यायची नाही?" मी विचारलं. तशी नेऊही नये, कायद्याने मनाई आहे.

"तिला तिथेच काम आहे," काका म्हणाले. ते बराच वेळ उभे होते. काय म्हणत होते ते ऐकू आलं नाही, आणि आम्ही जवळ गेलो नाही.

परतीला मदिनेवरून रस्ता सोपा आहे, पण मुस्लिमेतरांना तिथल्या पवित्र हद्दीत प्रवेश नाही, म्हणून तसं कोणी बरोबर असेल तर पाट्या नीट बघून वळावं लागतं. आम्ही हाईत आणि हुलैफा या गावांवरून आलो. रस्ता एकाकी, देखणा. डबा बरोबर ठेवा.

घरी

महिनाअखेर कॉन्ट्रॅक्ट संपलं. माझ्या वर्गाने फळ्यावर माझ्यासाठी निरोप हिंदीत लिहिला, वेलांट्या चुकवून. मी दुरुस्त केल्या नाहीत.

आता श्रीवर्धनला, सासरी आहोत. इम्तियाज तालुक्यातल्या छोट्या डायलिसिस केंद्राचं पाणी बघतो. दोन मुली हाताखाली शिकतात. त्यांना तो उत्तरं देत नाही म्हणून त्या वैतागतात.

सुरुवातीला तो फोन उशाशी घेऊन झोपायचा. फहदचा फोन येईल म्हणून. मीही वाट बघायचे, मनात म्हणायचे, येऊ दे, एकदा तरी अडू दे त्याचं. आठवडे गेले. फोन नाही. मग इम्तियाज चहा घेताना मुद्दाम फोन माझ्यासमोर ठेवू लागला. "बघ," म्हणायचा, "आजही नाही." नवं घड्याळ दाखवावं तसं दाखवायचा.

ईदला फहदचा फोन आला. दोघं खूप बोलले. फहदला मुलगी झाली. काकांचे ते गोड पोहे कसे करतात, त्याच्या बायकोने विचारलं होतं. प्लांटचा विषय निघाला नाही. एकदाही नाही.

इम्तियाजने फोन ठेवला आणि दोन्ही हात वर केले. या वेळी मीही केले.