छपाईची चूक

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर रोज चहा पितो त्या मास्तरांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही — एका जागी बसवत नाही, एवढं खरं.

मी मूळचा सांगलीचा. साताऱ्यात एका क्लासमध्ये बारावीला गणित शिकवतो. नवा होतो तेव्हाची गोष्ट. फळ्यावर डेरिव्हेटिव्हचा चेन रूल चालला होता — साइन, कंसात ए एक्स अधिक बी. सोपं असतं हो! साइनचा कॉस होतो, बी शून्य होतो आणि आतला ए पुढे येऊन गुणला जातो. मी घाईत दोघांनाही कॉन्स्टंट म्हणून उडवलं. नुसता कॉस लिहिला.

रेणुका उभी राहिली. जतकडची, वडलांची मेंढरं. एवढं शिकणारी घरात पहिलीच. पुस्तक हातात धरून म्हणाली, "सर, पुस्तकात म्होरं ए हाय की."

दिसलं मला. लगेच दिसलं. "चुकलो गं," म्हटलं असतं तर जीभ झडली असती का? दारात क्लासचे मालक उभे होते — पण नसते तरी मी कबूल केलं असतं? स्वतःला फार शहाणा समजायचो. मी म्हणालो, "छपाईची चूक आहे. खोडून टाक."

तिनं खोडला. पेनानं, पट्टी धरून.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. त्यानंतर रोज सांगता आलं असतं. उलट तिनं काही विचारलं की मीच खेकसायचो. चोराच्या उलट्या बोंबा — दुसरं काय? बाकीची पोरं गाईड पाठ करायची. माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून ती पोरं बचावली.

बोर्डाचा गणिताचा पेपर झाला त्या संध्याकाळी रेणुका क्लासवर आली. घरी न्यायला कंदी पेढे घेतले होते, त्यातला एक माझ्या हातावर ठेवला.

"सर, ए-बीचं गणित आलं हुतं! पोरी म्हनत हुत्या, म्होरं ए येतो. मी न्हाई ऐकलं. तुमी सांगितलं तसंच लिवलं."

तिचा चेहरा नुसता फुलला होता. मी "शाब्बास" म्हणालो. आणि पेढा खाल्ला.