राघोच्या हातून तुटलेला स्टड

दिघाशी गावात राघोच्या घरी मीठ हवं असेल तर आधी राघोला शोधावं लागतं. कारण बरणीचं झाकण त्याने लावलेलं असतं. लोणच्याची बरणी, तेलाची बाटली, मोरीतला नळ, काहीही असो, राघोचा हात एकदा फिरला की ती वस्तू दुसऱ्या कुणाला दाद देत नाही. त्याच्या बायकोला, काशीला, या घरात येऊन अठ्ठावीस वर्षं झाली. ती अजून ओट्याशी उभी राहून हाक मारते, "आवं, मीठ पायजे." हा गडी अंगणातून येतो, दोन बोटांनी झाकण उघडतो, चमचाभर मीठ निघालं की पुन्हा तस्सं आवळून निघून जातो. काशी कपाळावर हात मारते. आता याला काय करायचं ते तुम्हीच सांगा.

त्याचंही अगदीच चुकतं असं नाही. सव्वीस वर्षं तो भिवंडीत लूमच्या कारखान्यात फिटर होता. अठ्ठेचाळीस लूम एका छपराखाली थडथडायचे. तिथे नट जरा सैल राहिला की शिफ्ट संपायच्या आत गळून पडलाच म्हणून समजा. त्यामुळे हाताला वळणच तसं पडलं. नट बसला की वर आणखी अर्धा फेरा, हा त्याचा नेम. दोन वर्षांपूर्वी शेठने कारखाना बंद केला, लूम तोडून भंगारात विकले आणि राघो घरी बसला. बसला हे आपलं म्हणायचं. बसतो कसला. दाराच्या बिजागऱ्या, शेजाऱ्याचा पंप, सायकलींच्या चेनी, दिसेल ते आवळत हिंडतो. हात रिकामे राहिले की त्याचा जीव घाबरा होतो.

त्या रविवारी तर त्याची नुसती तगमग चालली होती. त्याची मुलगी रूपा नाशिकला निघाली होती, कायमची. ती नर्स आहे. चार वर्षं कल्याणच्या एका हॉस्पिटलात होती, आता नाशिकच्या हॉस्पिटलात मोठ्या जागेवर चालली होती. संध्याकाळी सहाला हजर व्हायचं होतं. आणि जायचं कसं, तर स्वतःच्या गाडीने, स्वतः चालवत. आठ वर्षांची जुनी चंदेरी गाडी तिने कोन गावच्या एका माणसाकडून घेतली होती. आदल्या दिवशी बोलता बोलता ती म्हणाली, "बॉनेट जरासं खडखडतं." झालं. राघोच्या कानात ती खडखड जाऊन बसली.

सकाळी नऊला त्याने बॉनेट उघडलं. डाव्या बिजागरीवर दोन स्टड होते, म्हणजे बॉनेटच्या पत्र्यातून बाहेर आलेले आट्यांचे दोन छोटे दांडे, आणि त्यांच्यावर दोन नट. खालचा नट सैल होता. दहा नंबरचा पाना घेऊन त्याने आवळला. नट बसला. खडखड गेली. तिथेच पाना खाली ठेवायचा की नाही? पण हाताने आपला अर्धा फेरा घेतलाच. टक् असा आवाज आला आणि नट, त्यात अडकलेल्या तुकड्यासकट, पान्याबरोबर हातात आला.

तेवढ्यात रूपा बॅग घेऊन बाहेर आली. तिने बॉनेटकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं.

"परत?" ती म्हणाली.

या एका शब्दाने राघोचं तोंड काळवंडलं, आणि त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी रूपाला पुण्याला मुलाखतीला जायचं होतं. पोरगी एवढ्या लांब जाऊ नये म्हणून राघोने पहाटे तिच्या स्कूटरचा प्लग काढून खिशात टाकला होता. स्कूटर सुरू होईना, रिक्षा मिळेना, कल्याणहून सुटणारी गाडी चुकली. दहा वाजता याने कार्बुरेटर उघडल्यासारखं केलं आणि सांगितलं, कचरा अडकला होता. दोन दिवसांनी धुवायच्या शर्टात तो प्लग रूपाच्याच हाताला लागला. महिनाभर ती बापाशी बोलली नव्हती.

"न्हाय गो," राघो म्हणाला. "सैल व्हता, म्हणून आवळला."

"तेव्हाही कचराच अडकलेला." तिने बॅग डिकीत टाकली. "दुसरा स्टड आहे ना? मी जाते."

"एकाच्या जिवावर कसारा घाटात नको जाव. वारा धरील. बॉनेट उडून काचेवर आला तं पुढचा काय दिसल तुला?"

"हे पण तुला आजच सुचलं." ती पायरीवर बसली आणि फोन काढला. "एक वाजेपर्यंत बघते. नाहीतर दोरी बांधून जाईन."

ती रागावून ओरडली असती तर परवडलं असतं. ती शांत होती. पोरगी जाणार ते त्याने कधीच गिळलं होतं. पण बापाने पुन्हा पाय ओढला असं मनात धरून ती गेली तर? मग ती सणाला येईल, बाजारचं आणून देईल, सगळं रीतीने करील, पण त्याच्यावर विश्वास म्हणून ठेवणार नाही. एक वाजायला साडेतीन तास होते आणि तेवढ्यात हे निस्तरायचं होतं.

तुटलेला बुंधा पत्र्याच्या वर जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा उरला होता आणि गंजून घट्ट झाला होता. राघोने त्यावर डिझेलचे थेंब सोडले. डिझेल गंजात मुरायला अर्धा तास तरी द्यावा लागतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? कारखान्यात पोरांना हेच शिकवताना त्याने शिव्या घातल्या होत्या. पण आज त्याच्याने थांबवेना. दोनदा अंगणाला फेरी मारली, घड्याळ पाहिलं, रूपाकडे पाहिलं, आणि दहा मिनिटांत करवतीच्या पात्याने बुंध्यावर खाच पाडून स्क्रूड्रायव्हर लावला. खाचेची एक कड उडाली. बुंधा जागचा हलला नाही.

"घाई करू नको, बाबा," रूपा फोनमधून मान वर न करता म्हणाली. तिचा टोमणा होता की काळजी, ते त्याला कळेना.

आता भोक पाडून काढण्याशिवाय इलाज नव्हता. काढला तर जागी नवा स्टड हवा. त्याच्या पेटीत लूमचे शंभर स्टड होते, पण जुन्या लूमचे आटे इंचातले आणि गाडीचे मिलीमीटरमधले. एकमेकांत बसत नाहीत, आणि जबरदस्ती केली तर दोन्ही वाया. त्याने मोटारसायकल काढली आणि शेलार गावातलं हार्डवेअरचं दुकान गाठलं. हार्डवेअरवाल्याने सहा एमएमचा स्टड नटासकट काउंटरवर ठेवला आणि राघोचा हात ओळखून असल्यामुळे बजावलंही, "राघोभाई, पतला माल है. लूम समझ के मत कसना." राघोला हसू आलं नाही.

परत आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. डिझेल आता मुरलं होतं. बुंध्याच्या मधोमध टोकदार पंच ठोकून खूण करून त्याने बारीक ड्रिल लावलं. ड्रिल जरा तिरकं गेलं की पत्र्यातले आटे गेलेच. मागे काशी येऊन उभी होती. आणि याच्या डोक्यात मात्र सकाळचा तो अर्धा फेरा गोल गोल फिरत होता.

कारण एक गोष्ट त्याने रूपाला सांगितली नव्हती. लोखंड तुटायच्या आधी किंचित मऊ लागतं. पान्यातून ते हाताला कळतं. सव्वीस वर्षांत त्याला ते कळलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. सकाळीही कळलं होतं. तरी हात थांबला नाही. का थांबला नाही, हे त्याने स्वतःला दहा वेळा विचारलं, पण खरं उत्तर सापडेना, आणि त्याला स्वतःचीच भीती वाटायला लागली.

मोठं ड्रिल लावून भोक वाढवलं, त्यात चौकोनी टोकाचा पंच हलकेच ठोकून बसवला आणि पान्याने उलटं फिरवलं. बुंधा करकरला, थांबला, मग सुटून आला. आतले आटे शाबूत होते. काशीने देवाचं नाव घेतलं. नवा स्टड त्याने बोटांनीच आत फिरवून घट्ट केला, बिजागरी बसवली, नट चढवला. आता फक्त आवळायचा उरला होता. घड्याळात एकला दहा मिनिटं कमी होती.

राघोने पाना उचलला आणि खाली ठेवला.

"रूपा, हिकडं ये. तू आवळ."

ती आली. त्याने तिच्या तोंडाकडे न बघता सांगून टाकलं. "सकाली तुटायच्या आदी हाताला कळला व्हता. तरी मी फिरवला. मुद्दाम का न्हाय, मना ठाव न्हाय गो. तुला खोटा सांगवत न्हाय."

रूपाने फोन खिशात टाकला. मग तिने पाना घेतला, नटाला लावला आणि फिरवू लागली. नट बसला. ती आणखी जोर लावणार तोच राघो म्हणाला, "पुरे."

"सुटणार नाही ना?"

"न्हाय सुटणार. एवढाच लागतो."

उभ्या आयुष्यात राघोने नटाला पुरे म्हटल्याचं काशीने ऐकलं नव्हतं. तिने आतून रूपासाठी भरलेली लोणच्याची बरणी आणली आणि त्याच्या हातात देऊन ती भाकऱ्या बांधायला वळली. राघोने झाकण ठेवलं, दोन बोटांनी फिरवलं, लागल्यासारखं वाटताच हात काढून घेतला आणि बरणी मागच्या सीटवर नेऊन ठेवली. रूपा पाया पडली. गाडी पडघ्याच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी हा कान देऊन उभा होता. बॉनेट वाजत नव्हतं.

पुढचे दोन तास त्याने अंगणात येरझाऱ्या घातल्या. जेवला नाही. पेटीतले पाने काढून पुसले आणि पुन्हा पेटीत ठेवले. घाट, वारा, तो एक नट. मग फोन वाजला.

"बाबा, इगतपुरीला पोचले. घाट झाला."

"आनि बॉनेट?"

"बॉनेट हललं पण नाही. पण लोणच्याची बरणी कोणी लावली?"

"मीच. का गो?"

"तू? झाकण सुटलं वळणावर. सगळं तेल सीटवर आहे. गाडीभर कैरीचा वास सुटलाय." ती थांबली, आणि मग तिचा आवाज हसण्याने फुटला. "मुद्दाम केलंस का रे?"

"या टायमाला न्हाय," राघो म्हणाला. "आईची आन, या टायमाला न्हाय."

"पुढच्या खेपेला आवळून दे."

"देतो," तो म्हणाला. काशी दारातून बघत होती, तरी त्याने डोळे पुसले नाहीत.