कार्बनच्या धाग्यातली गाठ

सुरतेतल्या लिंबायतच्या इंदुबाईंनी बावीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, तुटलेले धागे जोडले. त्यांनी मारलेली गाठ कापडात कुठे गेली ते व्यापाऱ्यालाही सापडत नसे. तीन वर्षांपूर्वी त्या कामरेजच्या एका कारखान्यात लागल्या. तिथे मिनिटाला साठ हजार फेरे घेणाऱ्या विजेच्या मोटारी बनतात.

अशा मोटारीच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे रोटरला, चुंबकाचे तुकडे चिकटवलेले असतात. वेग वाढला की ते बाहेर उडू पाहतात. म्हणून त्यावर डिंकात भिजवलेला कार्बनचा काळा धागा ताण देऊन गुंडाळतात आणि भट्टीत कडक करतात. ते गुंडाळणं इंदुबाईंचं काम. पहिल्याच दिवशी इंजिनियर अश्विनी म्हणाली होती, "मावशी, धागा तुटला तर सगळा उलगडायचा. गाठ नाही. कार्बन वाकवला की आतून मोडतो."

सोमवारी धागा तुटला. इंदुबाई शेजारणीशी बोलत होत्या. बोटांनी गाठ मारली, यंत्र पुढे फिरलं, वर तीन थर चढले. त्या दिवशी सहा रोटर झाले होते. घरी भाकरी थापताना त्यांना ते आठवलं. कितव्या रोटरला, ते मात्र आठवेना.

गुरुवारी चाचणी होती. अश्विनी सुट्टीवर होती. चाचणी हेमराजकडे. तो धुळ्याकडचा, हसरा, तीन मुलींचा बाप. जाड पोलादी खड्ड्यात रोटर सोडायचा, झाकण लावायचं आणि वेग सत्तर हजार फेऱ्यांपर्यंत न्यायचा. इंदुबाईंनी सोमवारची गाठ कुणालाच सांगितली नव्हती. खराब असेल तो खड्ड्यातच फुटेल, कुणाला काही सांगावं लागणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

पहिला रोटर गुणगुणला, मग शिट्टीसारखा बारीक झाला, मग आवाज कानाच्या पलीकडे गेला. फक्त फरशी पायाखाली किंचित थरथरत राहिली. तो पास झाला. दुसरा, तिसरा, पाचही पास. सहाव्याला इंदुबाईंनी डोळे मिटले.

सहावाही पास झाला.

म्हणजे गाठ आता पास झालेल्यांपैकी एकात होती. बाहेर हजीऱ्याला जाणारा टेम्पो उभा होता. तिथल्या एका कारखान्यात या मोटारी हवा फेकणाऱ्या पंख्यांना लागणार होत्या. चालू, बंद, पुन्हा चालू. दर वेळी तो मोडका धागा थोडा अजून मोडणार. शेजारी कुणीतरी उभं असणारच.

त्यांनी हेमराजला सांगितलं.

तो हसला. "मावशी, तुमनी गाठ शे ना? मग ती सुटाव नही."

"सुटायची नाही रे, तुटेल."

"सत्तर हजारला नाही तुटली. बॉस लोकांना काय सांगू, इंदुबाईंना स्वप्न पडलं?" त्याने पासच्या चिठ्ठीवर सही केली आणि खोकी बांधायला दोरी आणायला गेला.

इंदुबाईंनी बाकावरची कानस उचलली. कार्बनच्या वेष्टनावर ओरखडा उठला की तो रोटर कुणीही मोटारीत घालत नाही. त्यांनी पहिल्यावर कानस आडवी ओढली. काळी पूड बोटांना लागली. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. चौथ्यावर त्यांचा हात थांबला. यात असेल का? मग त्यावरही.

हेमराज दारात आला तेव्हा त्या सहाव्यावर होत्या. दोरी त्याच्या हातातून खाली पडली.

"हे काय केलंत, मावशी?"

त्यांनी कानस थांबवली नाही.