अण्णांच्या गॅलरीतला लाल दिवा

अख्ख्या बनशंकरी भागात आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांइतका भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही. सरकारी कारखान्यात जन्मभर इंजिनियर, पण कुकरची तिसरी शिट्टी झाली की हे जिन्यात! लिफ्टमध्ये शिरण्याआधी मला हाक मारणार, "अगं, मी वर पोचेपर्यंत खाली थांब हं." मी काय लिफ्ट झेलणार होते? पण थांबायचे. चोराच्या धास्तीनं त्यांच्या गॅलरीत रात्रभर ट्यूब जळायची.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, हृदयाच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे निघाल्या, तेव्हा तर अण्णांची गाळणच उडाली. हॉस्पिटलच्या नुसत्या वासानं त्यांना घाम फुटतो. "तुझ्या शेवंतीला पाणी कोण घालणार? कळ्या दिसल्या की लगेच निघतो," असं सांगून मागे राहिले. वहिनी हसून 'बरं' म्हणाल्या. मला मात्र अस्सा राग आला!

शेवंती नुसती पानंच काढत राहिली. अण्णांनी मोबाइलवर वाचलं, की निळ्या उजेडात पानं भरतात आणि लाल उजेडात फुलं येतात. लगेच ट्यूब काढून लाल दिवा लावला. गॅलरी इतकी भयाण दिसायची, की समोरच्या बाई खिडकी उघडेनात. कळी नाहीच. ऑपरेशन महिन्यावर आलं.

शेवटी होसकोट्याहून येणाऱ्या फुलवालीला मी वर नेलं. तिनं कपाळावर हात मारला. "अय्यो अण्णा! सणाआधी फूल येऊ नये म्हणून आम्ही शेतात रात्री दिवे लावतो. लाल उजेडात तर शेवंती कळी धरतच नाही. तिला काळोख पाहिजे."

ती गेल्यावर अण्णा दिव्याकडे बघत बसले. तो तसाच जळू दिला असता, तर पुण्याला जायची वेळच आली नसती. हे त्यांना कळत होतं, मलाही. "फार भीती वाटते गं," ते म्हणाले. मग उठून त्यांनी स्वतःच बटण बंद केलं.

त्यानंतर रोज दिवस मावळला की त्यांचा फोन यायचा. बोलायचे काही नाहीत, नुसता श्वास ऐकू यायचा. मी फोन कानाशी धरून पोळ्या लाटायचे. चौथ्या आठवड्यात एका सकाळी ते धावत खाली आले, चेहरा पांढराफटक. "आल्या गं कळ्या!" त्याच संध्याकाळच्या बसनं गेले.

ऑपरेशन नीट झालं. नंतर वहिनी फोनवर म्हणाल्या, "आत नेईपर्यंत यांचा हात लटलट कापत होता. मीच धीर देत होते. पण सोडला नाही गं त्यांनी हात."

दोघं आता तिकडेच राहिली. वरचं घर बंद असतं. संध्याकाळी त्या गॅलरीतल्या काळोखाकडे मला बघवत नाही.